जुलैचं पाणी

आर्बोर्ग, मॅनिटोबा
२८ सप्टेंबर

प्रिय आर्नी,

फोन करता आला असता, पण आमचा फोन बैठकीत बाल्डूरच्या खुर्चीला लागून आहे आणि हे त्याच्यासमोर बोलायचं नाही. शिवाय फोनवर तू निम्मं ऐकतोस आणि उरलेलं निम्मं स्वतः रचतोस. म्हणून पत्र.

कामाचं आधी. ट्रेलरमधलं पाणी हिवाळ्यासाठी बंद कसं करायचं ते मला लिहून कळव. टाकी, गीझर, नळ, सगळं. दर वर्षी बाल्डूर करायचा आणि मला जवळ फिरकू द्यायचा नाही. माझ्याकडे फक्त कॉफी. तू एक वर्ष त्याच्या हाताखाली होतास, म्हणून तुला विचारते. जुलैमध्ये तळ्याकाठी त्याला झटका आला, त्या दिवसापासून ट्रेलर कुणी उघडलेला नाही. शेजारच्या लारूसने तो आपल्या गाडीला जोडून घरी आणला आणि अंगणात, बैठकीच्या खिडकीसमोर उभा करून ठेवला. टाकीत अजून जुलैचंच पाणी आहे. थंडी आता कधीही कडक होईल. पाणी आत राहिलं की पाईप फुटतात, एवढं मलाही कळतं.

दुसरी गोष्ट वाचून हे पत्र फाडून टाक. मी ट्रेलर विकते आहे. फिशर ब्रँचला ओरेस्ट म्हणून एक तरुण आहे, नुकतंच लग्न झालेला. ऑक्टोबर संपताना येऊन घेऊन जाईल, पाईप धड असतील तर. फुटके असतील तर भंगारवालाही दारात उभा राहणार नाही. बाल्डूरला मी अजून काही बोललेले नाही. माझ्याच्याने आता तो ट्रेलर ओढवत नाही, झाडवत नाही, खिडकीतून बघवतही नाही.

बाल्डूर बरा आहे. थोडा अशक्त.

गुडरून


व्हिक्टोरिया
४ ऑक्टोबर

वहिनी, सादर प्रणाम.

ज्या माणसाने जन्मभर मृत भाषा शिकवल्या, त्याच्याकडे तुम्ही नळदुरुस्तीचा सल्ला मागता, यावरून मॅनिटोबात जाणकारांचा केवढा दुष्काळ पडला आहे याची कल्पना आली. त्यात मी राहतो अशा गावी, जिथे डिसेंबरातही गुलाब फुलतात आणि पाईप कधी फुटत नाहीत. त्यामुळे इथल्या लोकांना हिवाळाभर एकमेकांशी बोलायला विषयच नसतो. तरीही आज्ञा शिरसावंद्य.

अथ जलविसर्जनम्. प्रथम गीझरचा गॅस बंद करा आणि आतलं पाणी निवू द्या. मग ट्रेलरच्या बाहेरून गीझरचं झाकण उघडा. तळाशी एक बूच आहे, ते पान्याने काढा. काढताना तोंड बाजूला ठेवा. मी ठेवलं नव्हतं आणि दादा त्यावर नाताळपर्यंत हसत होता. मग टाकीखालचं बूच काढून टाकी रिकामी करा. त्यानंतर पंपाची नळी टाकीपासून सोडवून थेट न गोठणाऱ्या गुलाबी औषधाच्या कॅनमध्ये घाला. औषध ट्रेलरसाठीचंच घ्या. मोटारीतलं हिरवं विष घेऊन याल, तर ओरेस्ट पहिल्याच चहाला स्वर्गवासी होईल आणि नव्या नवरीचे शाप तुम्हाला लागतील. मग पंप सुरू करून एकेक नळ उघडायचा, गार आणि गरम दोन्ही, आणि गुलाबी पाणी येऊ लागलं की बंद करायचा. संडासाचीही तीच गत. शेवटी मोरीत आणि न्हाणीच्या जाळीत थोडं थोडं औषध ओता, कारण खालच्या वाकड्या नळीत पाणी दडून बसतं. सगळं झालं की नळ अर्धे उघडे ठेवा. इति आर्नीकृतं जलविसर्जनप्रकरणं समाप्तम्.

कॉफी विसरू नका. टाकी उघडण्याआधी एक किटली भरून घ्यायची आणि बाकीचं पाणी वाहत असताना ट्रेलरमध्येच बसून ती प्यायची, हा दादाचा नियम. टाकीतलं शेवटचं पाणी मातीत जाऊ द्यायचं नाही म्हणे. जन्मभर औषधांच्या पुड्या बांधणाऱ्या माणसाला असा एखादा धर्म लागतोच.

विकण्याबद्दल. तुम्ही दमला आहात हे तुमच्या अक्षरावरून दिसतं. विकू नका असं मी म्हणणार नाही. तो ओढायला मी कधी आलो नाही. पण लपवून विकू नका. दादाला विचारा. पाणी कसं बंद करायचं तेही त्यालाच विचारा की. आरडाओरडा करील, मला नालायक ठरवील, मग नीट सांगेल. घरात मूळ ग्रंथ असताना इतक्या लांबून भाष्य कशाला मागवता?

आपला,
आर्नी


आर्बोर्ग
११ ऑक्टोबर

प्रिय आर्नी,

तुझं शास्त्र अपुरं आहे.

मी सगळं तू लिहिलंस त्याच क्रमाने केलं. पत्र ट्रेलरच्या ओट्यावर ठेवलं, वर साखरेचा डबा ठेवला आणि वाचत वाचत पुढे गेले. आत पाऊल टाकल्यावर आधी थोडा वेळ नुसती बसले. जुलैच्या त्या सकाळचं सगळं तसंच होतं. अंथरुणं विस्कटलेली, टेबलावर पत्त्यांचा अर्धा डाव, ओढून आणताना थोडा सरकलेला, मोरीत दोन कप. डाव बाल्डूर जिंकत होता. मी पत्ते गोळा केले.

किटली विसरले. टाकीचं बूच काढलं, पाणी सगळं गवतात गेलं, तेव्हा आठवलं. असो.

औषध भरायला घेतलं. गार नळांतून गुलाबी आलं, छान आलं. गरम नळातून फक्त खोकला. मी कॅनमागून कॅन लावत गेले. पंप घरघरत होता, औषध संपत होतं आणि नळ खोकत होते. एवढं औषध जातं कुठे ते मला कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. सगळ्या अंगणावर पांढरं हीव पडलं होतं, फक्त गीझरखाली एक मोठा गुलाबी डाग, ओला, न गोठलेला. सगळं औषध तिथून बाहेर वाहून गेलं होतं. लारूसचा कुत्रा ते चाटत उभा होता. कुत्रा ठीक आहे.

म्हणजे गरम पाण्याचे पाईप अजून तसेच आहेत, निम्मे भरलेले. रात्रीची थंडी वाढतेच आहे आणि ओरेस्टचा दोनदा फोन आला.

आणि बाल्डूर रागावलाय. मी आत पंप चालवत असताना तो त्याच्या खिडकीत काठीने काच बडवायला लागला. ट्रेलरच्या खिडकीतून बघते तर चेहरा लालबुंद. मला वाटलं, ओरेस्टचं कळलं. फोनवर मी कितीही हळू बोलले तरी कान त्याचे चांगले आहेत. मी घरात गेले आणि खिडकीचा पडदा ओढला, त्याच्या तोंडावर. मग परत येऊन नळ उघडत बसले. काठी थांबली. तेव्हापासून तो माझ्याकडे बघत नाही.

यंदा थँक्सगिव्हिंगला टर्की केली नाही. सूप केलं.

आता पुढे काय करू ते कळव. त्याला विचार असं लिहू नकोस.

गुडरून


व्हिक्टोरिया
१६ ऑक्टोबर

वहिनी,

आज विनोद करत नाही. जमणार नाही.

तुमचं पत्र आलं त्या दुपारी मी फोन केला होता. तुम्ही म्हणालात, तो झोपलाय. तुमच्या मागे काठी ठकठक वाजत होती. माझे कान कामातून गेले असले तरी इतके गेलेले नाहीत.

फोन ठेवून मी पत्र पुन्हा वाचलं. ट्रेलर खिडकीसमोर आहे. गीझरचं तोंड, मला आठवतं त्याप्रमाणे, ट्रेलरच्या दाराविरुद्धच्या अंगाला आहे. म्हणजे खिडकीकडे. तुम्ही आत होतात, तुम्हाला दिसत नव्हतं. दादाला दिसत होतं. औषधाची धार लागली होती आणि तो तुम्हाला तेच सांगत होता. तो रागावला असेल तर माझ्यावर. काढलेलं बूच परत बसवायचं हे मी लिहिलंच नव्हतं. आणि आता आठवतंय, गीझरला वगळून पाणी परस्पर पुढच्या नळांना नेणारी एक चावीही असते, ती आधी फिरवावी लागते. ती ट्रेलरमध्ये कुठे दडली आहे ते मला ठाऊक नाही. मी त्या वर्षी कंदील धरून उभा होतो आणि बहुतेक भलत्याच गोष्टीचा विचार करत होतो.

पण मला वेगळंच टोचतंय. त्याने काठी का आपटली? दादा औषधांच्या दुकानाच्या मागच्या खोलीतून गिऱ्हाइकाचं नाव पुकारायचा, तर रस्त्याने चाललेला भलताच माणूस थांबायचा. खिडकी ढकलून एक हाक मारली असती तर पुरे होतं. ऑगस्टपासून मी तीनदा फोन केला. तो दर वेळी झोपलेला, नाहीतर न्हाणीत. तुमच्या पत्रात तो ‘थोडा अशक्त’ आहे.

वहिनी, दादा बोलतो ना?

आर्नी


आर्बोर्ग
२४ ऑक्टोबर

प्रिय आर्नी,

नाही.

म्हणजे तेवढंच बोलतो. जुलैपासून त्याच्या तोंडून एकच शब्द निघतो, ‘नाही’. कॉफी हवी का? नाही, आणि कप पुढे करतो. खिडकी लावू? नाही, आणि मान डोलावतो. डॉक्टर म्हणाले, त्याला सगळं समजतं, पण शब्द शोधायला गेला की हाताला तेवढा एकच लागतो. तुला लिहिलं नाही, कारण आधी वाटलं, महिन्याभरात सुधारेल. मग तू इतकं गमतीचं पत्र लिहिलंस, आणि या घरात कुणीतरी गंमत करतंय हे मला बरं वाटत होतं.

आता कळलं ना, मी त्याला का विचारत नव्हते? ट्रेलर विकू का म्हटलं, तर तो नाही म्हणणार. एरवी मी अंदाजाने चालते. पण या वेळी मला भीती होती, की तो खरंच नाही म्हणत असेल.

तुझं पत्र आलं आणि मी पडदा उघडला. त्याच्यापुढे गुडघ्यावर बसले आणि म्हटलं, बूच होतं ना? तुला दिसत होतं ना? तो म्हणाला, नाही, आणि काठी माझ्या पायावर हलकेच मारली. लागावी इतकी.

शनिवारी लारूसला बोलावलं. त्याने बाल्डूरला उचलून ट्रेलरमध्ये बाकावर नेऊन बसवलं. कोट, टोपी, वर गोधडी. पहिल्यांदा काठी पलंगाखालच्या फळीवर. फळी काढली तर आत गीझरची पाठ आणि तुझी ती चावी. मी डावीकडे फिरवायला गेले, नाही. उजवीकडे, नाही, पण या वेळी काठी खाली ठेवली. म्हणजे उजवीकडे. बूच मी आधीच घट्ट बसवलं होतं, तरी त्याने लारूसला बाहेर पाठवून पुन्हा बघायला लावलं. मग ओट्याचा नळ, मग न्हाणीचा, मग संडास. गरम नळातून गुलाबी पाणी आलं तेव्हा लारूसने टाळी वाजवली. मी वाकड्या नळ्यांत औषध ओतलं आणि म्हटलं, झालं. तो म्हणाला, नाही, नाही, आणि बाहेरच्या भिंतीवर काठी आपटायला लागला. बाहेर त्या जागी एक छोटं दार आहे, आत पाय धुवायचा शॉवर. आम्ही तो वाळूचे पाय घेऊन आत येऊ नये म्हणून वापरायचो. मी विसरले होते. तुझ्या शास्त्रात तर तो नव्हताच. त्यातून बर्फावर गुलाबी पिचकारी उडेपर्यंत बाल्डूर जागचा हलायला तयार नव्हता.

मग त्याने शेगडीकडे काठी केली. तिथे किटली होती, शेगडीच्या कठड्यात अडकून राहिलेली. जुलैच्या त्या सकाळी मी भरून ठेवली होती आणि पेटवायच्या आधीच तो पडला होता. पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. सगळी टाकी मी मातीत घातली, पण एवढं राहिलं होतं. मी शेगडी पेटवली. लारूस म्हणाला, मला गुरं बघायची आहेत, आणि गेला. त्याला एवढं कळतं.

कॉफीला पत्र्याची चव होती. अर्धी झाल्यावर मी म्हटलं, बाल्डूर, मी हा ट्रेलर विकते आहे. फिशर ब्रँचचा मुलगा आहे, चांगला आहे.

तो म्हणाला, नाही.

मी विचारलं, नाही म्हणजे नाही?

तो म्हणाला, नाही.

मग आम्ही दोघं उरलेली कॉफी पीत बसलो. ओरेस्ट येत्या शनिवारी येणार आहे. त्याला काय सांगू ते मला कळत नाही, आर्नी. फार दमले आहे.

गुडरून


व्हिक्टोरिया
२८ ऑक्टोबर

वहिनी,

हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवतो आहे, म्हणून थोडक्यात.

दादाला यापुढे प्रश्न विचारू नका. प्रश्नाला उत्तर लागतं, आणि उत्तरासाठी शब्द लागतात. ओरेस्ट येईल तेव्हा दादाला खुर्चीसकट अंगणात आणून ट्रेलरजवळ बसवा, हातात काठी द्या आणि तुम्ही बाजूला व्हा. त्याला थांबवायचं असेल तर तो थांबवील. ती काठी काय करू शकते ते तुमची काच जाणते.

त्याने थांबवलं, तर ट्रेलर राहू द्या. तिथे नुसता उभा राहील. कुणी ओढायलाच हवा असं नाही.

मला आधी कळवलं नाहीत म्हणून मी रागावणार होतो. दोन दिवस प्रयत्न केला.

आर्नी


आर्बोर्ग
१ नोव्हेंबर

प्रिय आर्नी,

तू म्हणालास तसंच केलं.

ओरेस्ट बायकोला घेऊन आला. बर्फ बारीक पडत होतं. बाल्डूरला मी जाड बूट घातले आणि चाकांच्या खुर्चीतून ट्रेलरच्या पुढच्या टोकाशी नेऊन ठेवलं. ओरेस्टने नमस्कार केला, बाल्डूर नाही म्हणाला, पोरगं गांगरलं. मग तो गाडी मागे घेऊन ट्रेलर जोडायला वाकला, तर बाल्डूरने जोडणीच्या दांड्यावर काठी आडवी घातली.

मला वाटलं, संपलं. विक्रीचे कागद माझ्या हातात होते ते मी एप्रनच्या खिशात कोंबले. खरं सांगू? बरं वाटलं आणि रडूही आलं. ओरेस्ट टोपी काढून उभा राहिला. त्याची बायको म्हणाली, चल, आपण दुसरा बघू, आजोबांचं मन नाही.

तेव्हा बाल्डूरची काठी उचलली गेली आणि गीझरच्या झाकणाकडे वळली. नाही. ओरेस्ट माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, उघड. त्याने उघडलं. काठी बुचावर. नाही. मग खुर्ची दाराशी न्यायला लावली, ओरेस्टला आत धाडलं, पलंगाखालची फळी काढायला लावली. मग नळ, क्रमाने. मग बाहेरचा शॉवर, तिथे तर पोराला बर्फात गुडघे टेकायला लावले. ओरेस्ट म्हणाला, समजलं, काका. बाल्डूर म्हणाला, नाही. पोराने मुकाट्याने सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं, आणि या वेळी प्रत्येक ठिकाणी स्वतःच मोठ्याने बोलत गेला: आधी बूच, मग चावी, मग ओट्याचा नळ. शॉवरपर्यंत आला तेव्हा बाल्डूरने काठी आडवी करून मांडीवर ठेवली आणि त्याचा हात हातात घेतला. डाव्या हाताने, उजवा आता उचलत नाही, पण बराच वेळ.

मी कागद खिशातून काढले.

ट्रेलर फाटकातून बाहेर वळला तेव्हा बाल्डूर आणखी एकदा नाही म्हणाला. कुणालाच नाही, असाच. हा नाही कोणता होता, ते मी विचारलं नाही. त्याला आत आणलं, पडदा पूर्ण उघडला. आता समोर लारूसचं कोठार दिसतं. फार काही बघण्यासारखं नाही, पण तो बघतो.

मी काल दुपारी झोपले. चक्क अंधार पडेपर्यंत.

गुडरून


व्हिक्टोरिया
९ नोव्हेंबर

वहिनी,

काल फोनवर तुम्ही तो झोपलाय असं म्हणाला नाहीत आणि रिसीव्हर त्याच्या कानाला लावून स्वयंपाकघरात निघून गेलात, त्याबद्दल आभार. फोन त्याच्या खुर्चीशेजारी असण्याचा एकदाचा उपयोग झाला.

आम्ही पुष्कळ बोललो. मी त्याला सांगितलं, की बूच परत बसवायचं मीच लिहायचं विसरलो. तो म्हणाला, नाही, अशा सुरात, की मला नालायक ठरवल्याचं स्वच्छ कळलं. इतकी वर्षं मृत भाषा वाचल्या. ज्यांचा एक शब्द उरला आणि बाकीचा मजकूर गेला, अशा शिलालेखांवर लोकांनी ग्रंथ लिहिले आहेत. दादाचं तर सूर, श्वास, काठी, सगळं शाबूत आहे. हा मजकूर मला वाचता येईल असं वाटतं. चुका होतील. तो काठी मारील.

विनारटेर्टा, आपला तो आलुबुखाऱ्यांचा केक, सात थरांची करा. मागच्या वेळी पाच थर करून वर साखरेचा मुलामा फासलात तो पाखंडीपणा मी विसरलेलो नाही. आलुबुखारे मी आणीन, तुम्ही फक्त लाटा. पुष्कळसं मीच लाटीन. तुम्ही झोपा.

शेवटी मी त्याला विचारलं, दादा, नाताळात येऊ का?

तो म्हणाला, नाही.

तिकीट काढलं आहे.

आर्नी